अंगठेबाबांचा रिपोर्ट

परगावी राहणाऱ्या भाचीच्या पत्राला मी अकरा दिवस उत्तर दिलं नव्हतं. "मामा, अंगठेबाबांनी तुमचा रिपोर्ट फ्रेम करून दारात लावलाय : भक्ताच्या रक्तात बधिर करणारं औषध नाही. आई त्यावर विसंबून दातांच्या डॉक्टरकडे जात नाही. जबडा सुजलाय तिचा. रिपोर्ट बरोबर आहे ना?"

तो रिपोर्ट मीच दिला होता, बाबांच्या एका भक्ताचं रक्त प्रयोगशाळेत तपासून. त्या 'ना'ने माझी झोप उडवली. घराला कुलूप लावलं की नाही हेही मी तीनदा पाहतो. रिपोर्टची खात्री कुठून देणार? शेवटी भाचीच्या आईबरोबर, माझ्या ताईबरोबर, बाबांकडे गेलो.

हॉल गच्च. गाल धरून बसलेली माणसं, मधोमध बाबा. त्यांचा अंगठा मखमली पिशवीत.

"वेदना ही भाडेकरू! माझा अंगठा तिला नोटीस देतो. दोन मिनिटांत घर रिकामं!"

पिशवीतून अंगठा निघाला, ताईच्या हिरडीवरून फिरला. "गेलं बघ दुखणं!" ताई बोबडं बोलली.

"बघू, तोंड उघड," मी म्हणालो.

"पुस्तकात डोकं खुपसणाऱ्याने माझ्या तोंडात डोकावू नये."

पण लगेच रक्त घेऊ दिलं तिने. मी दोन नळ्या भरल्या, एक साधी, दुसरी मागच्यासारखी, तळाला जेली असलेली.

प्रयोगशाळेतल्या मुलीने कपाळावर हात मारला. "काका, मागचा नमुना जेलीवर किती वेळ ठेवलात?"

"दोन दिवस."

"अहो, जेली काही औषधं शोषून घेते!"

हे मी वाचलं होतं. वाचून विसरलो होतो. साधीतल्या रक्तात औषध स्वच्छ सापडलं. जेलीच्या नळीत दोन दिवसांनी जवळजवळ काहीच उरलं नव्हतं.

ताईला आकडे दाखवले. "मला यातलं कळत नाही."

"मग बाबांना अंगठा साबणाने धुवायला सांग."

तिने भरल्या हॉलमध्ये सांगितलं. बाबा दचकले. "साबणाने शक्ती जाते!"

"शक्ती साबणाने जाते? मग तो तेलकट डागच की हो!" ताई म्हणाली.

हॉल हसला. कुणीतरी पिशवी उलटी केली. आत बधिर करणाऱ्या मलमाची पिळलेली ट्यूब. ताई त्याच दुपारी डॉक्टरकडे गेली. "आणखी चार दिवस थांबला असतात तर सूज मानेत उतरली असती," डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी मी लिहिलं : "माझा रिपोर्ट चुकला. दारातला काढायला लावला, दुरुस्त रिपोर्ट सोबत जोडलाय. आईचा दात काढला, ती बरी आहे. दुखणं बधिर होणं म्हणजे बरं होणं नव्हे. कुणाचंही म्हणणं, माझंसुद्धा, तपासल्याशिवाय मानू नकोस."

पाकिटावरचा पत्ता तीनदा वाचला आणि ते पेटीत टाकलं.