उकड्या तांदळाचं शीत

तिरुनागेश्वरमच्या देवळामागे सकाळपासून रांग. कडेवर पोरं, पोरांचे हात पोटावर. ओट्यावर गुरुमूर्ति वैद्यर, कपाळभर विभूती. पितळी नळीचं एक टोक पोराच्या बेंबीवर, दुसरं स्वतःच्या तोंडात. उपरण्याने तोंड पुसायचा, जोरात ओढायचा, केळीच्या पानावर थुंकायचा.

पानावर भाताचं शीत!

दृष्ट लागली की घास आतड्याला चिकटून बसतो, तो सांगे. माझ्या नळीला आतड्यातली गल्लीन्‌गल्ली ठाऊक. कातडीला ओरखडा नाही आणि भात बाहेर. बायका हात जोडत.

अंबुजाचे हात मोकळे नव्हते. मांडीवर लहानगी लेक जया, तापलेली, गुडघे पोटाशी घेतलेली.

कुठे दुखतं? कुणी विचारलंच नाही.

नळी टेकली. जया कळवळली. शीत पडलं. जाड, पिवळसर.

सासूबाई, मीनाक्षीबाई, वाकल्या. उकडा तांदूळ! कुंभकोणमच्या त्यांच्या मराठी घरात उकडा तांदूळ उंबरा ओलांडत नसे. त्या नातीवरच बरसल्या. "कोणाच्या घरी जेवलीस गे?"

"कोठेच नाही, आजी."

नळी खरी, तर लेक खोटारडी. लेक खरी, तर—

अंबुजाने जयाला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि तमिळमध्ये म्हणाली, "वैद्यर, माझंही पोट दुखतंय. काढा."

लुगड्यावरूनच नळी. उपरणं. ओढ. थुंकी. तसंच शीत, तसंच पिवळसर.

"आत्याबाई, आज एकादशी. माझ्या पोटात पाण्याचा थेंब तरी आहे का?"

मीनाक्षीबाईही निर्जळीच होत्या. त्यांनी हात लांबवून वैद्यरच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं. घडीत केळीच्या पानाची पुडी, पुडीत उकडा भात. तोंड पुसताना शीत गालात, थुंकताना पानावर. एवढीच विद्या. वैद्यर पुटपुटला, बायकांचा हात लागला, नळी बाटली. कुणीतरी हसलं. मागची बाई मात्र अजून पोराला पुढेच सरकवत होती.

अंबुजा थांबली नाही. टांगा. कुंभकोणम. डॉक्टर भुवनेश्वरी.

कुठे दुखतं? कधीपासून? ओकलीस का?

जयाने आधी बेंबी दाखवली. "काल येथे." मग बोट खाली, उजवीकडे सरकलं. "आता येथे."

अपेंडिक्स सुजलं होतं. शस्त्रक्रिया लगेच करायला हवी होती. एरंडेल पाजलंत का, डॉक्टरांनी विचारलं. संध्याकाळी पाजणार होते, मीनाक्षीबाई म्हणाल्या. "बरं झालं, पाजलं नाहीत. आत फुटू शकलं असतं."

जया वाचली. शुद्धीवर आली तेव्हा उशाशी आजी. "कोठे दुखतं गे?"

"टाक्यांपाशी."

"दुखत असेल हो," आजी म्हणाली, आणि उलट काही विचारलं नाही.

पोटदुखी पुष्कळदा साधी असते: कोंडलेला मळ, जंत, शाळेची धास्ती. पण दुखणं उजवीकडे उतरलं, ताप चढला, ओकाऱ्या थांबेनात, तर डॉक्टर गाठा. रेचक देऊ नका. मूल काय सांगतं ते आधी ऐका. त्याच्या पोटातलं त्याच्याइतकं कुठल्याच नळीला कळत नाही.