मिठाची पापडी

"अहो काका! हात लावू नका!"

मृणालची हाक येईपर्यंत बाबांनी काम उरकलं होतं. काचेच्या मोठ्या ट्रेमध्ये चार बोटं घालून त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढली होती. पाण्यावरची पांढरी पापडी तुकडे होऊन तळाला गेली.

"पापडी धरलीवती," बाबा बोटं झटकत समाधानाने म्हणाले. "टायमावर मोडली न्हाय तर दाना चांगला व्हत न्हाय."

उरणच्या शाळेत भरलेल्या विज्ञान महोत्सवाला त्यांना मीच हौसेने आणलं होतं. तासभर ते माझ्यामागून शहाण्यासारखे फिरले. यंत्रमानवाने नमस्कार केला तेव्हा त्यांनीही त्याला रामराम घातला, एवढंच. पण कला आणि विज्ञानाच्या दालनात मिठाचं पाणी दिसलं आणि सगळं शहाणपण संपलं. बाबांनी चाळीस वर्षं मिठागरात काढली. ते बुजवून तिथे कंटेनर रचले त्यालाही पंधरा वर्षं झाली, पण हे त्यांच्या हातांना कोणी कळवलंच नव्हतं.

मृणाल कला महाविद्यालयात शिकणारी मुलगी. बिचारी रडायच्या बेतात आली. "काका, ती पापडी हेच माझं चित्र होतं. आठ दिवस दिव्याखाली जपली. चार वाजता परीक्षक येणार आहेत."

तेव्हा सव्वाबारा झाले होते. खरं सांगते, क्षणभर मला वाटलं, शेजारच्या दुर्बिणीत डोळा घालावा आणि हे गृहस्थ आपले कोणी नाहीत असं दाखवावं. मग माझीच मला लाज वाटली.

"बाबा, तू विचारायचंस तरी!"

बाबांचा चेहरा पार उतरला होता. "मना वाटला, पोर मोडाया इसरली." मग त्यांनी एक बोट पाण्यात बुडवून अंगठ्यावर चोळलं, जिभेला लावलं. "पानी पक्का हाय. पापडी परत येल. पन पंखा बंद करा. पानी हाललं तर ती टिकत न्हाय. आन ह्ये दिवं वाईच खाली घ्या."

मृणालने माझ्याकडे पाहिलं. "खरंच येईल?"

"माणसांच्या बाबतीत ते फसतात," मी म्हटलं. "मिठाच्या बाबतीत नाही."

पंखा बंद झाला. आम्ही घामाने निथळत होतो आणि बाबा ट्रेपाशी ठाण मांडून बसले होते. "लांबून बघा. टेबलाला टेकू नका. शिंकायचं आसंल त भायेर जावा." एका बाईंना ते आयोजकच वाटले, त्यांनी प्रमाणपत्रं कुठे मिळतात ते विचारलं. मी वडापाव आणला, तर पाण्यात चुरा पडेल म्हणून बाबा तो व्हरांड्यात जाऊन खाऊन आले, तेही मला जागेवर बसवून.

दोनच्या सुमारास पाण्यावर बारीक चौकोनी कण तरंगू लागले. ते एकमेकांना चिकटत गेले. साडेतीनला या काठापासून त्या काठापर्यंत पापडी धरली होती, आधीच्यापेक्षा पातळ, पण अखंड. मृणालने सुटकेचा श्वास सोडला, तोही तोंड दुसरीकडे फिरवून.

परीक्षक आले, बराच वेळ पाहत उभे राहिले, तिला खूप काही विचारून गेले. गर्दी पांगल्यावर तिने वरचे दिवे मालवले आणि ट्रेखालचा एक दिवा लावला. सगळी पापडी आतून उजळली.

"काका, या ना. जवळून बघा."

बाबा जागचे हलेनात.

"आमी कवा ठेवलीच न्हाय," ते हळूच म्हणाले. "दिसली का मोडायची. चाळीस वर्सं त्योच धंदा. आशी दिसते व्हय?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

मग ते पुढे झाले. एका हाताने खांद्यावरचा टॉवेल नाकातोंडावर धरला, दुसरा हात पाठीमागे घेतला, आणि वाकून पाहू लागले.