पोटातली गोष्ट

"हात लांब टाक, हात!" बाई काठावरून ओरडत होत्या, पण पाण्याखाली पोहणाऱ्या मुलीला ते शब्द कुणीतरी फार दुरून हाक मारावी तसे ऐकू येत होते. उंच खिडक्यांतून कलतं ऊन आत यायचं आणि तलावाच्या तळाशी निळ्या फरशांवर उजेडाची जाळी हलत राहायची. ती बघत पोहताना तिला वाटायचं, आपण पोहत नाही, कुणीतरी आपल्याला झोपाळ्यावर बसवून हलकेच झोके देतंय. या झोक्यांपायी तिचा वेग कधी वाढलाच नाही. शाळेच्या संघात ती चार वर्षं होती, आणि चारही वर्षं शेवटची. गोगलगाय हे नाव तिला कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नव्हतं. तिला त्याचा रागही येत नसे.

त्या वर्षी बाईंनी नवीन टूम काढली. प्रत्येक मोठ्या मुलीनं एका लहान मुलीची सोबतीण व्हायचं. "पोहायला मी शिकवीन," बाई म्हणाल्या, "पण या वयातल्या मुली माझं कुठे ऐकतात? तुमचं ऐकतील."

संघातली सगळ्यांत वेगवान मुलगी लहानांतलीच, तेरा वर्षांची होती. तिला सगळे मासोळी म्हणत. तिची सोबतीण व्हायला चौघीजणी टपून बसल्या होत्या. मासोळीनं सरळ गोगलगायीकडे बोट दाखवलं. "ही चालेल. ही फार बोलत नाही."

मग रोज सराव संपला की दोघी मागच्या बाकावर केस वाळवत बसायच्या. मासोळी बोलायची, गोगलगाय ऐकायची. एके दिवशी मासोळी म्हणाली, "ताई, मला इतकं हलकं व्हायचंय ना, की मी आत आलेय हे पाण्याला कळूच नये." गोगलगायीला ते एवढं आवडलं की रात्री ते घोळवतच ती झोपली.

त्याचा अर्थ लागायला तिला पंधरा दिवस लागले. मासोळी कपडे बदलायच्या खोलीत भरलेला डबा कचऱ्यात उपडा करताना दिसली. बोटं गार, नखं निळसर. टोपी काढली की टोपीत केसांचा पुंजका.

"कधीपासून चाललंय हे?"

"बाईंना सांगू नकोस. ताई, माझी शप्पथ आहे तुला. तुझ्या पोटात ठेव."

गोगलगायीनं आठ दिवस ते पोटात ठेवलं. ती दोघींचा डबा आणायला लागली, शेजारी बसून जेवायला लागली. मासोळी घास गालात धरायची आणि ही वळली की रुमालात थुंकायची. गोगलगायीला ते कळायचं, आणि आपल्याला कळलंय हे मासोळीलाही कळायचं.

नवव्या दिवशी मासोळी पोहता पोहता मध्येच थांबली. लेनची दोरी धरून ती तळाच्या उजेडाकडे बघत हसत होती. गोगलगाय तिच्यापाशी पोहोचली. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुणाला तरी गाठू शकली होती.

"काय होतंय गं?"

"काही नाही. खूप छान वाटतंय. सगळं कसं लांब लांब गेलंय."

मासोळीला काखेत धरून गोगलगायीनं काठापर्यंत आणलं आणि ओल्या अंगानंच बाईंसमोर उभी राहिली. "बाई, ही जेवत नाही," ती म्हणाली. "महिना झाला असेल. मला माहीत होतं."

मासोळीनं आपला हात तिच्या हातातून सोडवून घेतला.

मासोळीचे दवाखान्यात तीन आठवडे गेले. स्पर्धा हुकल्या, वर्षभर पाण्यात उतरणं बंद झालं. गोगलगाय भेटायला गेली तेव्हा मासोळीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. संघातल्या मुली म्हणायला लागल्या, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. ही आली की बाकावरच्या गप्पा थांबायच्या.

"तुला वाटतंय का, आपलं चुकलं म्हणून?" आईनं विचारलं.

"नाही."

"मग रडतेस कशाला?"

"माझ्याशी एवढं कुणी बोलायचंच नाही, आई."

वर्ष सरलं. मासोळी परत आली. गाल भरलेले, वेग थोडा कमी. गोगलगायीला तिनं नावानंही हाक मारली नाही. बाईंनी पुन्हा जोड्या लावायला घेतल्या, तेव्हा गोगलगाय आपणहून मागच्या बाकावर जाऊन बसली. उगाच कुणावर नाही म्हणायची पाळी नको.

एक बारकीशी मुलगी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. नवीनच होती, टोपी कानांवर आलेली.

"तू सगळं सांगून टाकतेस ना?"

"सगळं नाही. जिवावर बेतलं तर सांगते."

"मग मला तूच पाहिजेस."

"तुला कुणी सांगितलं माझ्याबद्दल?"

"त्या ताईनं. म्हणाली, घ्यायची तर हीच घे."

पलीकडे काठावर मासोळी गॉगल डोळ्यांवर ओढत होती. तिनं इकडे पाहिलं नाही. शिट्टी झाली तशी ती पाण्यात शिरली आणि निळ्या उजेडात लांब लांब जात राहिली.

गोगलगाय बाकावर थोडी सरकली, आणि बारकीला बसायला जागा झाली.