टेकूचा पाय

मी एक जुना टेकू आहे. मित्रांनो, टेकू म्हणजे वाकलेल्या फांदीखाली उभा केलेला आधाराचा खांब. माझ्या डोक्याला बेचकं आहे. त्या बेचक्यात अंगणातल्या म्हाताऱ्या झाडाची सर्वांत जड फांदी अठरा वर्षं बसली आहे. बसली कसली, ठाण मांडून आहे.

गंमत म्हणजे मीही त्याच झाडाचा. फांदी होतो तेव्हा मी खिडकीत घुसत होतो, म्हणून घरातल्या बाबांनी मला कापलं, माझी साल तासली, मला तेल पाजलं आणि इथे उभं केलं. "आता हलायचं नाही हं," म्हणत त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या वाट्याला आलेलं कौतुक तेवढंच. सावलीची सगळी स्तुती झाडाला मिळाली. पुढे झाडाची साल फुगत फुगत माझ्या बेचक्यावर चढली आणि तिने माझं डोकंच गिळलं. आता मला मानही वळवता येत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करणार?

बाबा वारले. झाडाचा बुंधा पोकळ झाला. गेल्या महिन्यात एक वाळकी फांदी आईच्या खुर्चीशेजारी कोसळली, तेव्हा लेकीने झाडं तोडणाऱ्या कारागिराला बोलावलं.

त्याने बुंध्यावर हातोडी वाजवून पाहिली. "ताई, आतून पार भोपळा झालाय. तोडलेलं बरं."

"मग तोडा. आईपेक्षा झाड मोठं नाही," लेक म्हणाली.

"मला विचारलंस का?" आई खुर्चीतून म्हणाली. "ह्यांनी लावलेला टेकू आहे तो. त्याला टेकून तर मी दिवस काढते."

खरं सांगतो, मला आनंद झाला होता. झाड गेलं की मी सुटणार होतो. आईचं बोलणं ऐकून मात्र लाज वाटली.

पण लेक ऐकेना. करवत लावण्याआधी कारागीर मला काढू लागला. त्याने ओढलं, ठोकलं, पण मी निघेना. मग शिडीवर चढून त्याने माझ्या डोक्याभोवतीची साल नखाने खरवडली. आत हिरवी ओल होती.

"अहो ताई, ही फांदी तर जिवंत आहे! मेलेलं लाकूड असं गिळत नाही. वरचा भार हलका करू, टेकू राहू द्या. काढेल अजून बरीच वर्षं."

आईने डोळे पुसले. माझ्या कैदेमुळे झाड वाचलं, मित्रांनो, आणि माझी कैद जन्माची झाली. त्याचं मला दुःख नाही.

पण सगळ्यांनी वर पाहिलं, खाली कोणीच वाकलं नाही. माझा पाय मातीत आहे आणि त्याला वाळवी लागली आहे. त्या ठोकाठोकीत तो आतून कर्रकन वाजला. लेकीने मात्र आईची खुर्ची पुन्हा इथेच मांडली आहे, वर नवी उशीही दिली आहे.

मला ओरडता येत नाही. तुमच्या घरात ज्याच्यावर सगळा भार आहे, त्याच्या पायाशी एकदा वाकून बघा. आणि कोणी इकडे येणार असाल, तर आधी आईला तिथून उठवा.