‘अजून नाही’ म्हणणारं यंत्र

मी भागाकार बोलतोय. सहा लाडू दोघांत वाटणारा तो नव्हे, तो माझा लांबचा भाऊ. मी संमिश्र संख्यांचा भागाकार. आमच्याकडे संख्या जोडीनेच येतात, एक वास्तव आणि एक काल्पनिक, आणि दोघींची मर्जी एकदम सांभाळावी लागते.

माझा जन्म मेरापी ज्वालामुखीच्या उतारावरच्या गावात, रेडिओच्या खोलीत झाला. वेनिंग नावाच्या मुलीने पुस्तकातलं सूत्र बघून मला सकाळच्या चहाआधी लिहून काढलं आणि तळहाताएवढ्या स्वस्त यंत्रात बसवलं. जागा इतकी अडचणीची की फार बारीक संख्या तिथे टिकतच नाही. तिचं सरळ शून्य होतं.

वाऱ्याने रेडिओचा खांब पडला होता. नवी अँटेना नीट जुळली का, हे मोजमापांचा भागाकार करून मी सांगायचं होतं. न जुळता रेडिओ सुरू केला असता तर सगळं यंत्र जळून गेलं असतं. शिवाय पावसाळा तोंडावर. डोंगरावर पाऊस झाला की नदीतून दगडमातीचा लोंढा येतो, आणि पात्रात वाळू काढणाऱ्यांना तो रेडिओवरच कळतो. ट्रकच्या घरघरीत इशाऱ्याचे बांबूचे ठोके कोण ऐकणार? वेनिंगचे वडील, तिचे बापक, मर्तो त्याच पात्रात राबायचे, गळ्यात छोटा रेडिओ अडकवून.

पहिलंच मोजमाप आलं ते चिमूटभर. सूत्राप्रमाणे मी खालच्या जोडीचा वर्ग केला, आणि झालं शून्य. वर पाहिलं तर तिथेही शून्य. आता शून्याला शून्याने मी काय भागणार, कपाळ? मी प्रामाणिकपणे उत्तर दिलं, ‘ही संख्याच नाही.’

“अगं बाई!” वेनिंग म्हणाली. रेडिओ चालवायचे पाक गुरू, म्हणजे तिचे शाळेतले मास्तर. त्यांना असं तोंडावर ‘नाही’ कसं दाखवायचं? या गावात कोणी कोणाला ‘नाही’ म्हणत नाही. जेवलात का? अजून नाही. म्हैस विकणार का? अजून नाही. तेव्हा तिने माझ्या पडद्यावर तेच लिहिलं, ‘अजून नाही.’ रात्रीतून आपण दुरुस्त करू, असा तिचा हिशेब होता. तो काही जमला नाही.

पाक गुरू समोर खुर्ची टाकून बसले. “बारकं यंत्र आहे, पोरी. घाई करू नकोस त्याला,” असं म्हणून त्यांनी माझ्यावर पंखा लावला. दुसऱ्या दिवशी शेजारणींना बोलावून भात, सुकी मासळी आणि तळलेली केळी माझ्यापुढे ठेवली, प्रार्थना केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तर डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर देऊन मोकळा झालो होतो!

तिसऱ्या दिवशी दुपारी शिखर ढगात गेलं. मर्तो फावडं घेऊन दारात आले.

“सुरू झाला का गं?”

“अजून नाही, बापक.”

“मग होईलच की. खाली ऐकत बसतो,” म्हणाले आणि नदीकडे चालू लागले.

वेनिंग धावत येऊन खुर्चीसमोर उभी राहिली. “पाक गुरू, ते यंत्र मोजत नाहीये. परवाच नाही म्हणालंय. ‘अजून’ मी चिकटवलं.”

पाक गुरूंनी आधी माझा पंखा बंद केला.

“आणि ती केळी?” पाक गुरूंनी विचारलं.

“तुम्हीच खाल्लीत.”

“बरं. मग नाही का म्हणालं ते विचार त्याला. लवकर! मी कोणाला तरी नदीवर पिटाळतो.”

तिने माझं पोट उघडलं, एकेक पायरी पाहिली आणि खालचं शून्य तिला दिसलं. वर्ग करण्याआधीच दोन्ही जोड्यांना खालच्यातल्या मोठ्या संख्येने भागून घ्यायचं, मग बारीक कुणी राहतच नाही. चार ओळींचं काम! दोन वेळा चुकली, रडली, तिसऱ्यांदा जमलं. मी उत्तर दिलं. खरीखुरी, देखणी जोडी. अँटेना जुळलेली होती, पहिल्या दिवसापासून.

पाक गुरूंनी माईक ओढला. “पात्रातून वर या. ‘येतो’ म्हणू नका, या!”

पिटाळलेला माणूस अजून अर्ध्या वाटेवरच होता. मर्तो धापा टाकत वर आले, तेव्हा खाली पूल थरथरत होता. फावडं लोंढ्यात गेलं. वेनिंगने त्यांना जी मिठी मारली, ती सोडेचना.

मी अजून त्याच खोलीत आहे. पंखा काढून नेलाय, केळीही बंद झाली. पण जमलं नाही तर माझ्या पडद्यावर आता स्वच्छ ‘नाही’ येतं. बाबांनो, यंत्र नाही म्हणालं तर रागवा, पोट उघडून बघा, पण त्याच्या तोंडी गोड शब्द घालू नका.

परवा मर्तो माझ्याशेजारी चहा पीत बसले होते. “तो लाकूडवाल्याचा मुलगा परत लग्नाचं विचारत होता. काय सांगू?”

“नाही,” वेनिंग म्हणाली.

“अजून नाही ना?”

“नुसतं नाही, बापक.”

मर्तोंनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं, आता लोंढ्यात मीच जाणार.