बुबुळ अजून डावीकडे

ज्या वर्षी थोरल्या भावाचं लग्न झालं आणि घरात वहिनी आली, त्याच वर्षी नणंदेच्या हातून शाळेची भिंत गेली.

नणंदेने दोन-तीन मैत्रिणी गोळा करून भिंती रंगवायचं मंडळ काढलं होतं. दारू, मारहाण, पोरींची कोवळ्या वयातली लग्नं, लोक ज्यावर घरात बोलत नाहीत ते या पोरी रस्त्यावर रंगवून ठेवत. आखणी पहिल्यापासून नणंदेची. वहिनी पडली पेंटरची मुलगी, बापाबरोबर दुकानांच्या पाट्या रंगवलेली. "घरी बसून माशा मारू का?" म्हणत तीही येऊ लागली. एक दिवस ब्रश धुता धुता तिने खडू उचलला आणि भिंतीवर नुसता एक हात काढला. त्या हाताची नाडी लागेल की काय असं वाटलं.

"शाळेची भिंत हिलाच देऊ या," मंडळातली नर्स म्हणाली.

"द्या की," नणंद हसली. ते हसू घरी पोचेपर्यंत तिच्या गालावर तसंच चिकटून राहिलं. घरी आई शेजारणीला सांगत होती, "सुनेच्या हातात कला आहे हो."

"आणि माझ्या हातात इतकी वर्षं काय, लाटणं होतं?" नणंद म्हणाली आणि जेवायला न थांबता आत गेली.

चित्र असं होतं: धाकटं भावंड कडेवर घेतलेली पोर वर्गाच्या खिडकीशी उभी राहून आतल्या फळ्याकडे बघते आहे. शिकायच्या वयात घर सांभाळणाऱ्या पोरींचं चित्र. चेहराच दोन माणसांच्या उंचीचा. परांचीवर उभं राहिलं की नाकापुढे नुसता रंग दिसतो, चेहरा दिसत नाही. म्हणून एकीने रस्त्यापलीकडे उभं राहून सांगायचं आणि वरचीने ऐकायचं, अशी रीत. डोळे काढायच्या दिवशी सांगायला नणंद उभी राहिली.

खिडकी उजवीकडे, म्हणजे बुबुळ उजव्या कोपऱ्यात हवं. वहिनीने खडू टेकवला तो अगदी बरोबर टेकवला. पाण्याच्या टाकीखालची मोठी भिंत मंडळाला लवकरच मिळायची होती. ही पोर चकणी झाली तर ती भिंत आपल्याकडे येईल.

"डावीकडे घे," ती ओरडली. "अजून. अजून डावीकडे."

"वन्सं, जास्त होतंय असं वाटतंय."

"तुला तिथून दिसतंय का मला इथून?"

वहिनीने मुकाट्याने रंग भरला.

पोर चकणी झाली नाही. ती फळ्याकडे बघायची सोडून रस्त्याकडे बघू लागली. येणाऱ्याजाणाऱ्याच्या थेट तोंडाकडे. समोरच्या न्हाव्याने दोन दिवसांत खुर्ची फिरवली. "पोरगी मानगुटीवर बसल्यासारखी बघते, वस्तरा चालवू कसा?" म्हणाला. गिऱ्हाईक म्हणालं, "तुझी पोरगीही घरीच असते ना?" पुढच्या आठवड्यात न्हाव्याची मुलगी दप्तर घेऊन जाताना दिसली आणि गावभर वहिनीचं नाव झालं.

नणंदेची आता दोन्हीकडून कोंडी झाली. ते बुबुळ माझं आहे म्हणावं, तर कशासाठी सरकवलं तेही सांगावं लागणार. गप्प बसावं, तर वहिनीचं कौतुक ऐकत बसावं लागणार. ती गप्प बसली.

टाकीखालची भिंत कुणाला, हे ठरवायला मंडळ जमलं तेव्हा वहिनीच म्हणाली, "मी तर चुकीच्या जागी काढत होते. डोळा वन्संचा. मी फक्त हात हलवला. टाकीची भिंत त्यांनाच द्या."

मिळाली. त्या भिंतीवर नणंद परांचीवर चढली आणि सांगायला पलीकडे वहिनी उभी राहिली.

"ओठ जरा वर घ्या, वन्सं."

नणंदेचा ब्रश हवेतच थांबला. हिला माहीत असेल का? आता ही उट्टं काढतेय का? ती खाली उतरली, रस्ता ओलांडला, स्वतः बघितलं. ओठ खरंच वर हवा होता. चढली. "थोडं डावीकडे," वहिनी म्हणाली. पुन्हा उतरली, पुन्हा बघितलं. तेही बरोबर निघालं.

"माझ्यावर भरवसा नाही का?" वहिनीने हसत विचारलं.

"पाय मोकळे करते," नणंद म्हणाली.

पुढच्या सगळ्या भिंती तिने अशाच केल्या, चढत आणि उतरत. वहिनीने एकदाही चुकीचं सांगितलं नाही आणि त्यामुळेच नणंदेला ती कधी सहन झाली नाही.

वहिनी त्यानंतर नऊ वर्षांनी, थंडीच्या तोंडावर, काविळीने वारली. नणंद अजून आहे.