चारही चाकं एका बाजूला

कंपनीच्या बसचं चित्र मी गेल्या वर्षी काढलं. सहज. सिंगापुरात आम्हाला रोज जुरोंग आयलंडच्या कारखान्यात नेते तीच बस. खोक्याच्या पुठ्ठ्यावर, हार्डवेअरच्या दुकानातले रंग आणून. चित्रकला मला येत नव्हती. त्यामुळे चारही चाकं एकाच बाजूला आली. आतले सगळे इंजिनिअर बाहेर बघतायत आणि प्रत्येकाच्या गळ्यातला पास तोंडाएवढा.

अनघाताईंना ते आवडलं. त्या आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या. बँकेत आहेत, जुरोंग ईस्टला राहतात. सुट्टीत कॅरिबियनमधल्या एका बेटावर गेल्या, तेव्हा तिथल्या म्युझियममध्ये माझ्या बसचा फोटो दाखवून आल्या. ते म्युझियम फक्त न शिकलेल्या लोकांची चित्रं लावतं. कोळी, न्हावी, शिवणकाम करणाऱ्या बायका. ते चालवणाऱ्या मार्सेलची मेल आली. बस हवी. अशीच अजून सहा हवीत. मग तुमच्या नावाची एक भिंत.

माझ्या नावाची भिंत! इथे मला शिफ्ट सोडून कुणी काही विचारलं नव्हतं.

मग मी काय केलं? अभ्यास केला. बोलावणं आलं की आपल्याकडे दुसरं काय करतात? कामावरून आलो की व्हिडिओ. पर्स्पेक्टिव्ह, सावल्या, हाताची बोटं. सहा चित्रं झाली, फोटो पाठवले.

मार्सेलचं उत्तर एका ओळीचं. "ही कुणी काढली?"

पाठोपाठ ताईंचा फोन. "सारंग, काय केलंस हे? कॅलेंडरवरची चित्रं वाटतायत."

"चांगली यावीत म्हणून शिकलो, ताई."

"कुणी सांगितलं होतं शिकायला? काढ बघू परत आधीसारखी."

येईनात ना. बस काढायला घेतली की पलीकडची चाकं दिसत नाहीत हे आता हातालाच माहीत. डाव्या हाताने काढून बघितलं. उजवा हात मोडलेल्या माणसाने काढल्यासारखं आलं.

माझा रूममेट सुबोध हसायचा. "लोक शिकायला क्लास लावतात. तू विसरायला लाव."

बसमध्ये बसलो तरी नुसत्या रेघा दिसायच्या. सीट, खिडक्या, छत, सगळं एका ठिपक्याकडे चाललेलं. डोळे मिटले तरी तेच.

शेवटी जुनं चित्र समोर ठेवून त्यातल्या चुका पाठ केल्या. चाक इकडे. कान गालावर. सहा चित्रं मुद्दाम चुकवली आणि पाठवली.

मार्सेलची शंका जाईना. म्हणाला, व्हिडिओ कॉलवर समोर काढून दाखवा.

रविवारी संध्याकाळी ताईंच्या फ्लॅटवर गेलो. त्यांनी लॅपटॉप लावला. "घाबरू नकोस रे. नेहमीसारखं काढ."

"नेहमीसारखं म्हणजे कसं, ताई?"

"गप्प बस. आला तो."

मार्सेल म्हणाला, "एक मांजर काढा. खुर्चीत बसलेलं."

मांजर मला चांगलं येतं. व्हिडिओ बघून किती तरी काढलीत. हात पाठीच्या कमानीवरून बरोबर खाली यायला निघाला. मी तो वळवला. दोन्ही डोळे एका गालावर. शेपटी पोटातून. खुर्चीचे पाय चार दिशांना. ताई मागे उभ्या.

मार्सेलने टाळ्या वाजवल्या. चष्मा काढून डोळे पुसले. मला वाईट वाटलं. माणूस चांगला होता.

"काढताना मनात काय होतं?" त्याने विचारलं.

तेव्हा खरं सांगता आलं असतं. भिंत गेली असती.

"काहीच नाही," मी म्हणालो.

त्याने ते लिहून घेतलं. चित्रांखाली हेच लावणार म्हणाला. आणि उद्घाटनाला या, आठवडाभर लोकांसमोर बसून काढा, तिकीट आम्ही पाठवतो.

मी तोंड उघडायच्या आत ताईंनी हो म्हणून टाकलं. लॅपटॉप मिटला आणि माझ्यावर बोट रोखलं.

"ते व्हिडिओ आता बंद. आणि इथे कुणासमोर नीट चित्र काढत बसू नकोस. फोटो लगेच सगळीकडे जातात. कळलं?"

"हो, ताई."

त्यांनी मांजर फ्रिजवर लावलं आणि चहा ठेवायला गेल्या. ती शेपटी नीट करायला माझा हात शिवशिवत होता. मी दोन्ही हात खिशात घातले.